दोन सेकंद आधीची सुलाबाई

आकारामच्या अंगणात माणूस मावत नव्हतं. सहा महिन्यांपूर्वी वारलेली त्याची बायको सुलाबाई सीडीतून बोलायला लागली होती.

तिच्या ओव्यांची एकुलती एक जुनी कॅसेट त्याने गावात घरोघरी वाटायच्या सीड्या काढायला कराडच्या स्टुडिओत दिली होती. तिथल्या अंकिताने नमुन्याची सीडी ऐकायला पाठवली. प्रत्येक ओवीच्या आधी, शांततेत, सुलाबाईचा पुसट आवाज लांबून यायचा. मग खरी ओवी.

आकाराम शहाणा माणूस. निदान सुलाबाई होती तोवर तसा समज होता. त्याने प्लेअरला हळदकुंकू लावलं, पुढे चहा ठेवला आणि निवल्यावर प्रसाद म्हणून स्वतःच प्यायला.

लालासाहेब महाराज आले. डोळे मिटून म्हणाले, "माय, ये." आवाज आला. बटण महाराजच दाबत होते, हे आकारामला दिसत होतं. तरी त्याने हात जोडले.

"आत्मा अडकलाय. कॅसेट संगमात सोड, मशिनीतलंबी पुसायला सांग. मोकळी हुईल."

बायको अडकलीय म्हटल्यावर आकाराम थांबतोय कशाला? महाराजांसकट जीप भरून वरात स्टुडिओत.

"काका, फितीचे वेढ्यावर वेढे असतात," अंकिता म्हणाली. "वर्षानुवर्षं पडून राहिली की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर थोडा उमटतो. म्हणून तो दोन सेकंद आधी ऐकू येतो. पूर्वी खरखरीत दबला होता. सीडीसाठी मी खरखर काढली, आवाज वाढवला, तसा तो वर आला. ओवीआधीचा तुकडा कापायचा राहिला, ती चूक माझी."

"पोरी, मशिनीला आत्मा कळत न्हाई," महाराज म्हणाले.

"मग हे ऐका."

पाचव्या ओवीआधी पुसट आवाज आला, "गप रं कुत्र्या." दोन सेकंदांनी तोच, खणखणीत.

"हा कुणाचा आत्मा?"

"माजा," आकाराम म्हणाला. "तवा दारात कुत्रं भुंकत हुतं."

"आवं, पर तुमी तर जित्तं हायसा," शेजारची अंबूबाई म्हणाली.

"व्हय. सकाळी भाकरीबी खाल्ली."

महाराजांना अचानक फोन आला. ते बोलत बोलत जिना उतरले.

"पुसट आवाज कापू का, काका?"

आकारामने हेडफोन कानाला लावून तो एकदा ऐकला. ती हाक मारतेय असंच वाटत होतं.

"काप. न्हाईतर घराघरात असलाच एक म्हाराज शिरंल."

मग तो लोकांकडे वळला. "सुला गेली, ते मी डोळ्यानं बघितलं. तरी फसलो, कारण मला फसायचं हुतं. तुमच्यावर अशी येळ आली तर रडा, पर आवाज कुठनं येतोय ते आदी इचारा. मी इचारलं न्हाई. ही पोरगी नसती, तर सुलाचा उरलेला आवाज मीच पाण्यात घातला असता."