भिंतीवरचा भांग

न्हाणीघरात फणी फरशीवर पडली. आवाज एवढासाच, पण दुपारच्या त्या गप्प घरात तो स्वयंपाकघरापर्यंत आला आणि मटार सोलणारा तिचा हात थांबला. मागोमाग नळ सुटला, अगदी पूर्ण. तोंड धुवायला एवढं पाणी लागत नाही. रडणं बाहेर जाऊ नये म्हणून सोडलेला नळ वेगळा वाजतो. तिनेही कधीकाळी तो तसाच सोडला होता.

आत नणंद होती. नोकरीसाठी भावाकडे राहायला आलेली, तिच्याहून थोडी लहान. लग्न होऊन घरात आल्या आल्या तिने थट्टेने नणंदेला जुन्या वळणाची 'वन्सं' अशी हाक मारली होती. दोघी पोट धरून हसल्या, आणि मग तीच हाक राहून गेली.

वन्सं बँकेत काउंटरला बसायची. ती बसलेली, गिऱ्हाईक उभं. त्यामुळे येणाऱ्याला आधी तिचा चेहरा नाही, भांग दिसायचा. तो भांग गेल्या काही वर्षांत रुंदावत चालला होता. सुरुवातीला ती स्वतःच थट्टा करायची. भांग कसला, हमरस्ता झालाय, आता दिवे तेवढे लावायचे राहिलेत, म्हणायची. भाऊही आपल्या डोक्यावरून हात फिरवत म्हणायचा, बाबांनी घर काही ठेवलं नाही, पण टक्कल मात्र दोघांना सारखं वाटून दिलं. मग एकदा एका म्हाताऱ्या बाईंनी काचेपाशी वाकून, अगदी मायेने विचारलं, "बाळ, काही मोठं दुखणं झालं का गं?" त्या दिवसापासून थट्टा बंद झाली.

वन्संची ही वहिनी स्वतः केसांच्या क्लिनिकमध्ये कामाला होती. छोट्या बाटल्या फ्रीजमध्ये जपायच्या, सुयांचा ट्रे मांडायचा आणि फोटो काढायचे. बाटल्यांवर स्टेम सेल, ग्रोथ फॅक्टर असे भारदस्त शब्द. आत नेमकं काय असतं, असं तिने एकदा विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, शास्त्र पुढे चाललंय, आपणच मागे राहायचं का? माणूस वाईट नव्हता. सुई टोचताना घाबरणाऱ्याशी गोड बोलायचा. त्याचा स्वतःचाही विश्वास असावा. त्याने तो कधी तपासून पाहिला नव्हता, इतकंच.

तपासायचं तर ते तिच्या कॅमेऱ्यात होतं. पहिला फोटो सगळ्यांचा असायचा. शेवटचा मात्र जे परत आले त्यांचाच. ज्यांना गुण आला नाही ते फोटो काढून घ्यायला कशाला येतील? ते टोपी घालून, ओढणी घेऊन गुपचूप कुठेतरी निघून जायचे. क्लिनिकच्या भिंतीवर उरायचे ते हसरे. आणि त्या हसऱ्यांतही तिचा हात असायचाच. आधीच्या फोटोला ओलसर केस, डोक्यावर दिवा, फणीच्या लांब दांड्याने ताणून पाडलेला सरळ भांग. नंतरच्या फोटोला कोरडे केस, खिडकीकडे वळवलेली खुर्ची, आणि भांग किंचित सैल, किंचित तिरका. खोटं कर, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. जरा छान येऊ दे, एवढंच.

भिंतीवर मधोमध तिचा स्वतःचा फोटो होता.

लेकीच्या बाळंतपणानंतर तिचे केस मूठमूठ गेले होते. डॉक्टरांनी आपणहून सुया दिल्या. लेक चालायला लागेपर्यंत केस परत आले. आई तर आधीपासून सांगत होती, बाळंतिणीचे जातात आणि आपले आपण येतात, तुझ्या वेळी माझंही असंच झालं होतं. पण तोवर फोटो लागला होता. घरी मात्र लेकीला भरवताना ती वेगळीच गोष्ट सांगायची. तू आलीस ना, तेव्हा आईचे केस घेऊन गेलीस, त्यांच्याशी खेळलीस, आणि दुडुदुडु चालायला लागलीस तेव्हा एकेक करून आणून दिलेस. घरातली गोष्ट घरात राहिली, भिंतीवरची भिंतीवर. त्यांची गाठ कधी पडली नव्हती.

वन्संने भिंतीवरची खरी मानली आणि त्याच क्लिनिकमध्ये सुया सुरू केल्या. परकी बाई असती तर मी हसून सोडून दिलं असतं, म्हणाली, पण हे डोकं मी रोज बघते. त्याआधी ती दवाखान्यातल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेलं एक साधं, चिकट औषध रोज डोक्याला लावायची. त्याने नवल काही झालं नव्हतं. होते ते केस टिकून होते, बस. क्लिनिकमध्ये तिला सांगितलं गेलं की आता त्याची गरज नाही. तेव्हा ही शेजारीच ट्रे पुसत उभी होती. वन्संने मान वळवून तिच्याकडे पाहिलं होतं. ती ट्रे पुसत राहिली होती.

नळ बंद झाला. वन्सं बाहेर आली, डोळे धुतलेले, केस ओले, हातात फणी.

"वहिनी, उद्या फोटोला बोलावलंय. पुढच्या सुया घ्यायच्या का ते त्यावर ठरवू म्हणालेत. तू आधी बघ ना एकदा. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही."

तिने हात पुसले. केस कोरडे होऊ दिले, वन्संला खुर्चीवर बसवलं, फणी घेतली, भांग पाडला आणि मोबाइलवर फोटो काढून पुढे केला. सगळं नेहमीच्या सवयीने.

वन्सं फोटोकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा असा उजळला की बघवेना. "अगं, आलेत की! मी वेडीसारखी आत रडत बसले. बघ ना, इथे किती भरल्यासारखं दिसतंय."

तेव्हा कुठे तिचं लक्ष गेलं. खुर्ची खिडकीकडे वळलेली होती. भांग सैल होता, किंचित तिरका. हे तिने ठरवून केलं नव्हतं. हातांनी केलं होतं.

जमिनीवर बाहुलीशी खेळणारी लेक उठून आली आणि आत्याच्या मांडीला टेकली. "आत्या, आईचे केस मी परत दिले होते. तुला माहितीये?"

"हो का? आणि सुया कशासाठी होत्या मग?" वन्सं हसत म्हणाली.

"सुयांनी नाही. मी चालायला लागले ना, तेव्हा दिले. आजी म्हणते सगळ्या आयांचे येतात."

वन्संचं हसू ओठांवर तसंच राहिलं. तिने वहिनीकडे पाहिलं. त्या दिवशी क्लिनिकमध्ये पाहिलं होतं, तसंच.

या वेळी पुसायला ट्रे नव्हता. तिने खुर्ची आतल्या बाजूला वळवली, डोक्यावरची ट्यूब लावली, फणी ओली केली आणि भांग ताणून सरळ पाडला. फोटो काढला. आधीच्या शेजारी ठेवून दाखवला. दोन्हींत डोकं एकच होतं, दुपार एकच होती.

वन्संने दोन बोटांनी फोटो मोठा केला. टाळू कितीतरी वेळ स्क्रीनवर चमकत राहिली.

"आणि भिंतीवरचा तुझा?"

"ते केस आपले आपणच आले असते, वन्सं."

"तुला माहीत होतं."

"होतं."

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. वन्संने मोबाइल हळूच टेबलावर पालथा ठेवला. "ते चिकट औषध मी तुझ्याकडे बघून बंद केलं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. काउंटरवरून उद्या या म्हणावं, तसा. "तू नुसती मान हलवली असतीस तरी मला कळलं असतं."

उद्या दवाखान्यात जाऊ, ते औषध पुन्हा सुरू करता येईल, असं वहिनी काहीतरी पुटपुटली. गेले ते येतील का, हे वन्संने विचारलं नाही. ती उठून आपल्या खोलीत गेली आणि दार लावलं, आवाज न करता.

फणीत वन्संचे केस अडकले होते, मऊ, बारीक. लेकीने फणी उचलली, ते केस अलगद सोडवून आपल्या तळहातावर घेतले आणि बंद दाराकडे पाहिलं. मग आईकडे.

"आई, आत्याला तर बाळ नाही. तिचे केस परत कोण आणून देणार?"