नव्वद पानांची एकोणीस

सदानंद केळसकर आखातातल्या एका विमा कंपनीत टायपिस्ट होता आणि त्याला त्याचा भारी तोरा होता. रत्नागिरीच्या टायपिंग क्लासात मार्जिन चुकलं की हातावर पट्टी बसायची. तेव्हापासून वाकडी ओळ दिसली की पठ्ठ्याला जेवण जायचं नाही.

दर शुक्रवारी, सुट्टीला, तो शहराच्या अदलिया भागात हेडविग मॅडमकडे जाई. मॅडम जर्मन लेखिका. नवरा कार्ल इथल्या गोदीत इंजिनिअर होता, तो एक्याऐंशी साली वारला. मॅडमची पुस्तकं जगावेगळी. तिकडच्या लोकांनी त्यांना वेड्यातच काढलं होतं. बारा वर्षांनी एका प्रकाशकानं हो म्हटलं, पण हस्तलिखित एका ठरल्या गुरुवारच्या टपालानं निघायलाच हवं होतं. त्यांचे हात थरथरत, म्हणून सदानंदानं कागद आणि त्यांचा जर्मन टाइपरायटर माहूज भागातल्या आपल्या खोलीवर नेला होता. जर्मनचं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. अक्षर बघून अक्षर दाबायचं, बस्स.

कागदावर शब्द पांगलेले. दोन शब्द, मग चार बोटं जागा, मग एकच शब्द. ‘हात थरथरतो बिचारीचा,’ म्हणून त्याला कणव आली. त्यानं सगळे शब्द जवळ घेतले, दोन्ही मार्जिनं सरळ केली. नव्वद पानांची एकोणीस झाली. शाबासकीच्या आशेनं ती त्यानं त्या गुरुवारच्या आधीच्या शुक्रवारी नेऊन दिली.

पहिलं पान बघून मॅडम शब्दांमधली जागा बोटानं शोधू लागल्या.

“काय चुकलं, मॅडम?”

“कार्ल शेवटी शेवटी एक शब्द बोलायचा, मग श्वास गोळा करायचा,” त्या हळू म्हणाल्या. “जेवढा वेळ लागे, तेवढी जागा मी सोडली. मोजून.”

सदानंदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी हुशारी पाजळून त्यानं एका मरत्या माणसाला धड श्वासही घेऊ दिला नव्हता.

गणपतीला गावी जायला ठेवलेली लीव्ह त्यानं शनिवारपासूनच टाकली. साहेब तडकले. तडकू देत! टाइपरायटर परत नेऊन तो अदलियात मॅडमशेजारी बसून, पट्टीनं जागा मोजत टाइप करत राहिला.

बुधवारी दुपारी शेवटचं पान आलं. वर एकच शब्द होता. तो ‘हेडविग’ होता, एवढं त्यालाही वाचता आलं. खाली काहीच नव्हतं.

सदानंदानं नाव टाइप केलं, पण कागद काढून घेतला नाही. मशीनचा रोलर तो एकेक ओळ फिरवत राहिला. मॅडम रडत होत्या. सगळी मोकळी जागा सरून कागद आपणहून बाहेर आला, तेव्हाच तो थांबला.