तीन महिन्यांपेक्षा जास्त

“मळमळ, स्वल्पविराम, उलटी, स्वल्पविराम, पोट जड वाटणे, पूर्णविराम.” सुपरवायझर मूळ प्रत एका सुरात वाचत होते आणि चिठ्ठीवाली नव्या छपाईवर ओळीखाली बोट सरकवत होती.

दोघं बसले होते ती छापील माल ठेवायची खोली बाहेरून कुलूपबंद असायची. काम संपून कागदांची मोजणी जुळल्याशिवाय आतल्या माणसाला बाहेर सोडत नसत. खिडकी नव्हतीच. भिंतीपलीकडे यंत्र टकटक करत पांढऱ्या बारीक गोळ्या पाडत होतं. सुस्तावलेल्या पोटातलं अन्न पुढे ढकलणाऱ्या, उलटी थांबवणाऱ्या. त्यांच्या खोक्यात जाणारी, औषधाची माहिती छापलेली घडीची चिठ्ठी तपासण्यात तिची अकरा वर्षं गेली होती. तिचं खरं नाव आता हजेरीपटालाच ठाऊक. पण तपासायचं म्हणजे शाई पुसट नाही ना, कोपऱ्यातला क्रमांक बरोबर आहे ना, एवढंच. मजकूर पडताळणारा नेहमीचा माणूस रजेवर होता, म्हणून आज पहिल्यांदाच ती मजकूर वाचत होती.

“सलग तीन महिन्यांपेक्षा जास्त घेऊ नये, पूर्णविराम. दीर्घकाळ घेतल्यास, विशेषतः वयस्कर स्त्रियांमध्ये, ओठ, स्वल्पविराम, जीभ, स्वल्पविराम, जबडा यांची आपोआप हालचाल सुरू होऊ शकते, पूर्णविराम. औषध थांबवल्यावरही ती काही वेळा...”

बोट थांबलं.

“काय झालं? चूक आहे?”

“नाही. बरोबर आहे.”

“मग चला की पुढे.”

साखरेच्या आजारानं आईचं पोट मंदावलं होतं. घास टिकत नव्हता. डॉक्टरांनी याच गोळ्या महिन्याभरासाठी लिहून दिल्या. उलट्या थांबल्या, आई जेवू लागली. पुढे कारखान्यातून सवलतीत पाकिटं मिळायची, मग डॉक्टरांकडे कोण जातंय? बघता बघता दोन वर्षं झाली. वर्षभरापूर्वी आईची जीभ उगीचच आतबाहेर व्हायला लागली. ओठ चघळल्यासारखे हलत राहायचे.

“आई, तोंड मिटून बस ना जरा!” किती वेळा ओरडली होती ती. भावाच्या सासरचे आले तेव्हा तर तिनं आईला आतल्या खोलीत बसवून दार ओढून घेतलं होतं. तेव्हापासून आई जिना उतरलीच नव्हती.

“मी जरा बाहेर जाऊन येऊ?”

“आतून उघडत नाही, माहीत आहे ना तुम्हाला? अर्धंच पान राहिलंय.”

तिनं शेवटच्या पूर्णविरामापर्यंत बोट नेलं. ‘वाचून तपासले’ या शब्दांखाली सही केली.

घरी पोचली तेव्हा आई जेवायला बसली होती. पेल्याशेजारी गोळी काढून ठेवलेली. तिनं ती उचलून मुठीत धरली.

“ही राहू दे आता. उद्या सकाळी डॉक्टरांकडे जाऊ.”

“का गं? पुन्हा उलट्या सुरू झाल्या तर?”

चपलाही न काढता तिनं सगळं सांगून टाकलं. एका दमात, चिठ्ठीत छापलं होतं तसंच. शेवटी म्हणाली, “मीच आणून देत होते.”

आईनं तिच्याकडे पाहिलं. ओठ हलत होते. बोलण्यासाठी की नुसतेच, कळेना.

“म्हणजे मला वेड लागत नाहीये?”

“वेड? छे गं! कुणी सांगितलं तुला?”

“कुणी नाही. मलाच वाटायचं, डोकं फिरत चाललंय. बोलले नाही. म्हटलं, तुला कळलं तर कुठेतरी नेऊन ठेवशील.”

आईनं उरलेलं सावकाश संपवलं, हात धुतले आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

“चल, खाली बाकावर बसू. उजेड आहे अजून.”

ती गुडघ्यांवर बसून कपाटाच्या तळाशी आईच्या चपला शोधू लागली. दुसरी सापडायला बराच वेळ लागला.