यंत्राला दिसलेली गाठ

चांगुणाबाईंची अणदुरात पिठाची गिरणी होती. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच ती चालवत. पोती उचलताना छातीत दुखायला लागलं, तेव्हा सोलापूरच्या डॉक्टरांनी हृदयाचं स्कॅन सांगितलं. लेक पौर्णिमा बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा महिना. म्हणून चांगुणाबाई एकट्याच एसटीनं गेल्या.

हाताच्या शिरेत सुई दिली. हे औषध अंगात पसरलं की यंत्राला दिसतं, असं तिथल्या पोरीनं समजावलं. दुपारी डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं.

"मावशी, हृदय चांगलं आहे. पण उजव्या स्तनातही औषध गोळा झालंय. आपण ते बघायला गेलो नव्हतो, तरी दिसलंय. गाठ असावी. तपासून घ्यावी लागेल."

"पर तिथं दुखत तर न्हाय."

"पुष्कळदा नाही दुखत. सोबत कोण आहे?"

"कुणी न्हाय. घरी लेक हाय, दोन जीवांची."

"मग आजचा दिवस तिच्यापासून लांब राहा. अंगातल्या औषधातून अजून किरणं निघतात, पोटातल्या बाळाला ती नकोत."

गावात उतरल्यावर त्या घरी गेल्याच नाहीत, गिरणीत थांबल्या. पौर्णिमा जेवण घेऊन आली.

"तिथंच ठिव. जवळ येऊ नगं आज."

"काय म्हणले डॉक्टर?"

"हृदय चांगलं हाय."

पौर्णिमाला रडूच फुटलं. "लई भ्या वाटत हुतं गं, आई." डोळे पुसत, हसत ती परत गेली.

चांगुणाबाईंनी दार ओढलं, पदराखाली हात घातला. बराच वेळ चाचपल्यावर बोटांना काहीतरी टणक लागलं. कधीपासून होतं, कुणाला ठाऊक. भाकरी तशीच राहिली.

सकाळी घरी जाऊन त्यांनी लेकीला सगळं सांगितलं. पौर्णिमा चिडली. "आन् रातभर एकलीच बसलीस व्हय?"

तपासणीत कॅन्सर निघाला. लहान होता, पसरला नव्हता. पौर्णिमाला आता प्रवास झेपणारा नव्हता, म्हणून ऑपरेशनला शेजारची धुरपताबाई सोबत आली.

चांगुणाबाई शुद्धीवर आल्या तेव्हा छातीवर पट्टी होती आणि शेजारचं स्टूल रिकामं. धुरपताबाई चहाला गेली होती. नर्सनं विचारलं, "काय हवंय, मावशी?"

"काई न्हाय. जरा बसा हितं."

नर्स घाईत होती. तरी बसली.