शाबूत बाजू

हारुनच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं रतिलाल सगळ्यांना सांगे. खरं तर त्याची हिंमत होत नव्हती. नंदुरबारच्या हारुनने दोनच ओळी लिहिल्या होत्या: 'अब्बांची मोटार कशी आहे? बहिणीच्या लग्नाला तीच हवी, न्यायला कधी येऊ ते कळव.'

मोटार जुनी, कापडी टपाची. वडील गेल्यावर ती दारात पाहून हारुनला भरून येई, म्हणून त्याने ती म्हसावदला रतिलालच्या, म्हणजे शाळेतल्या दोस्ताच्या खळ्यात आणून ठेवली होती. रतिलालने ती एकदाही चालवली नाही. अपघात झाला तोही इंजिन बंद असताना. मोटार नदीवर नेऊन धुवावी अशी त्याला हुक्की आली. पेट्रोल नव्हतं, म्हणून बैल जुंपले. जाताना बैल शहाण्यासारखे चालले. येताना त्यांना घरची गव्हाण दिसली. बैल फाटकातून नीट आत गेले; मोटारीची डावी बाजू मात्र खांबालाच अडली. दिवा फुटला, मडगार्डचा पापड झाला.

हारुनला कळण्याआधी दुरुस्ती व्हावी म्हणून रतिलालने खळ्यात दोघांना बोलावलं: बैलगाड्या करणारा हिलाल सुतार आणि डबे-बादल्या करणारा मुनव्वर. मोटारीचं काम दोघांनीही कधी केलं नव्हतं, त्यामुळे कोणालाच काही अवघड वाटत नव्हतं.

"मडगार्ड मी सागनं करी दिसू," हिलाल म्हणाला. "नातू बसतीन त्यावर."

"अन दिवानी जागे मन्हा कंदील," मुनव्वर म्हणाला. "वारामाबी विझत नही."

रतिलालची बायको भिकुबाई दाण्याच्या शेंगा फोडत बसली होती. "लगनमा नवरी खाले उतरीसन कंदील पेटाडी का?" तिने विचारलं.

"पण एक बाजू लाकडी, एक लोखंडी," रतिलाल चाचरत म्हणाला. "हारुनले लगेच दखाई."

हिलालने बराच वेळ मोटारीभोवती फेऱ्या मारल्या. मग उजळलेल्या चेहऱ्याने तो रतिलालकडे वळला. "नाना, मंग उजवी बाजूबी तशीच करी टाकूत. दोन्ही सारख्या व्हयन्या म्हणजे कोनले समजी?"

"हाई बराबर शे," मुनव्वर म्हणाला.

रतिलालने जन्मात कोणाला नाही म्हटलं नव्हतं. शिवाय बोलणं त्यालाही पटल्यासारखं वाटलं. त्याने मान हलवली. मुनव्वरने हातोडा उचलला, तेव्हा कुठे रतिलालच्या ध्यानात आलं की आता उरलेली मोटारही मोडायची आहे, आणि तीही आपल्या संमतीने. तो धावला आणि उजव्या मडगार्डवर चढून बसला.

"नाना, खाले उतर."

"नही."

"आम्ही तुन्हंच काम करी ऱ्हायनूत भो."

"करू नका."

भिकुबाईने शेंगा बाजूला ठेवल्या, नवऱ्याकडे जरा नव्याने पाहिलं आणि आतून कार्ड, दौत, टाक आणून दिला. रतिलालने तिथेच गुडघ्यावर कार्ड ठेवून लिहिलं:

'हारुन, तुझ्या अब्बांच्या मोटारीची डावी बाजू माझ्या बैलांनी फाटकावर आपटली. बैल मीच जुंपले होते. उजवी बाजू अजून चांगली आहे. नंदुरबारहून मोटारीचा मिस्त्री घेऊन लवकर ये.'

पण पोस्टात जायचं कसं? हातोडा अजून मुनव्वरच्या हातात होता.

"सरका," भिकुबाई म्हणाली आणि पदर खोचून मडगार्डवर स्वतः चढून बसली. "आते जा तुम्ही."

रतिलाल अनवाणीच निघाला. पेटीपाशी त्याने कार्ड दोनदा वाचलं, 'लवकर' या शब्दाखाली रेघ ओढायला टाक नव्हता म्हणून हळहळला, आणि कार्ड आत टाकलं.