जांभईतला देव

"उना रे उना! देव उना!" देव आल्याची हाक गर्दीतून उठली.

धुळ्याजवळच्या त्या खेड्यात पितांबर महाराजांच्या अंगणात अमावास्येला पाय ठेवायला जागा नव्हती. ऊद-लोबानाच्या धुरात माणसं सकाळपासून दाटीनं बसलेली, पेंगुळलेली. मधोमध खुर्चीत आधार नाना. लकव्यानं त्यांची डावी बाजू गेली, त्याला एक उन्हाळा उलटला होता.

महाराजांनी आ वासून भलीमोठी जांभई दिली. देव अंगात येण्याआधी भगताला जांभया येतात, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक. पाठोपाठ चौघांनी जांभया दिल्या, मग नानांनी. आणि त्यांचा लुळा हात मांडीवरून आपसूक छातीपर्यंत उचलला गेला. जांभई सरली, हात खाली पडला.

बाया हात जोडून रडू लागल्या.

"डॉक्टरनं काय केलं? सुया टोचल्या!" महाराज गरजले. "आम्ही देव हातात उतरवला. आता हा हात देवाचा. याला चोळायचं नाही, हलवायचं नाही. देवाच्या वस्तूशी कोणी खेळतं का?"

कुंदाचं लक्ष मात्र नानांच्या मुठीकडे होतं. नानांची ही लेक जळगावच्या एका दवाखान्यात लकव्याच्या रोग्यांकडून व्यायाम करून घ्यायची. तिनं घालून दिलेले व्यायाम महाराजांनी बंद केले होते. मूठ आवळत चालली होती. नखं तळव्यात रुतली होती. आणखी काही महिने असेच गेले, तर ती उघडणं कठीण होतं.

"महाराज, जांभई न देता नानांना हात उचलू द्या."

"देवाची परीक्षा घेतेस, पोरी?"

"देवाची नाही, हाताची." ती नानांसमोर उकिडवी बसली. "नाना, उचला बरं."

नानांच्या कपाळाची शीर फुगली. हात हलला नाही. मग कुंदानं तोंड उघडून शांतपणे एक लांबलचक जांभई दिली. पुन्हा एक. नानांना राहवेना. त्यांनीही जांभई दिली, आणि हात वर आला.

गर्दीतली म्हातारी भागाबाई म्हणाली, "अवं माय! देव तर पोरनंबी ऐकस!"

कोणीतरी फिसकन हसलं.

"मीच पाठवला त्याला!" महाराज ओरडले.

"मग आता जांभईशिवाय पाठवा."

महाराजांनी अंगारा उधळला, आरोळ्या ठोकल्या. हात मांडीवरच राहिला.

"मेंदूचा हुकूम हाताकडे न्यायची वाट तुटलीय," कुंदा म्हणाली. "जांभई मेंदूच्या बुडातून निघते. तिची वाट निराळी, ती शाबूत आहे. तिच्या धक्क्यानं काही रोग्यांचा हात असा उचलला जातो. आमच्याकडे येतात असे. कोणी हिंदू, कोणी बौद्ध, कोणी मुसलमान."

नाना हसले नाहीत. हाताकडे बघत राहिले. "म्हंजे मी नही हालावत," ते म्हणाले. "माले वाटनं, मना हात परत उना."

खोटी आशा काढून घेताना खरी किती द्यावी, हे कुंदाला कोणी शिकवलं नव्हतं.

"अजून नाही आला, नाना. पुरता येईलच, असंही मी म्हणत नाही. पण मेंदू हाताला हलवतो, तसा हातही मेंदूला शिकवतो. हलवत राहिलं, तर उरलेला मेंदू नवी वाट शोधू शकतो. नुसता पडू दिला, तर मेंदू त्याला विसरत जातो."

तिनं एकेक बोट सोडवायला घेतलं. नाना कण्हले, पण त्यांनी हात मागे ओढून घ्यायला दुसरा हात पुढे केला नाही.

तोवर निम्मी माणसं पुन्हा महाराजांकडे तोंड करून बसली होती. रांगेत लकवा झालेल्या बायकोला, मंदाबाईला, धरून बसलेला रुपचंद तेवढा उठला.

"ताई, हिनाबी हात देखा ना."

"बघते. पण तो रोज तुम्हाला हलवावा लागेल, भाऊ. मलाही नाही अन् देवालाही नाही."

देवापुढे हात जोडायला कोणाची ना नाही. पण घरात कोणाला लकवा झाला, तर आधी त्याचा हात आपल्या हातात घ्या. डॉक्टरांना विचारून तो हलवा, रोज हलवा. चमत्काराची वाट बघण्यात गेलेले दिवस कोणताही महाराज परत देत नाही.