मास्तरांचा पक्का पाय

आमच्या ह्यांना सगळी गल्ली मास्तर म्हणते, म्हणून मीही म्हणते. शिंपीकामात नजर अशी, की गिऱ्हाइकाचा एक खांदा जरासा उतरलेला असला तरी दारातूनच ओळखतील. स्वतःच्या तळपायाच्या बाबतीत मात्र दिव्याखाली अंधार.

मधुमेह निघाला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं: अनवाणी फिरायचं नाही, रोज तळपाय बघायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या. मास्तरांनी मान डोलावली. मान डोलावण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. दुकानात आले, चपला काढल्या आणि मशीनवर बसले.

“अहो, चप्पल.”

“चप्पल घालून पायडल मारायचं म्हणजे हातमोजे घालून जेवायचं.”

“मग निदान तळपाय तरी दाखवा.”

“प्रदर्शन मांडलंय का? अगं, कारागिराचा पाय आहे. पूर्वी टाचणी टोचली की ओरडायचो. आता टोचतच नाही, इतका पक्का झालाय.”

हे ते गिऱ्हाइकांनाही छाती फुगवून सांगायचे. मला राग यायचा आणि भीतीही वाटायची. पण सांगणार कोणाला? पालथ्या घड्यावर पाणी.

दुकान आवरताना मी दोरीला बांधलेलं चुंबक फरशीवरून फिरवते. सांडलेल्या टाचण्या त्याला चिकटून येतात. त्या दिवशी मास्तर स्टुलावर पाय टाकून चहा पीत होते. मी चुंबक उचलून त्यांच्या पायाजवळून नेलं, तर ते टक् करून तळपायालाच चिकटलं.

“चेष्टा करतेस?” मास्तर म्हणाले.

चेष्टा कसली! अंगठ्याखाली टाचणीचं डोकं चमकत होतं आणि भोवतीची कातडी लाल होऊन सुजली होती.

“कधीची आहे ही?”

“मला काय माहीत? मला तर काहीच झालं नाही.” मग कप खाली ठेवत म्हणाले, “ओढून टाक. टाचणीच तर आहे.”

“हात लावाल तर याद राखा.” मी स्वच्छ कापड गुंडाळलं आणि त्यांना गाडीत कोंबलं.

डॉक्टरीणबाईंनी टाचणी काढली, पू काढला. अजून थोडे दिवस गेले असते तर अंगठा कापावा लागला असता, म्हणाल्या. “मास्तर, पाय पक्का नाही झालेला. मुका झालाय.”

जखम भरायला बरेच दिवस गेले. मी मऊ, बंद, पुढून रुंद असे बूट आणले. मास्तरांनी त्यांच्याकडे वैऱ्याकडे बघावं तसं पाहिलं.

“जखम भरली ना? मग झालं तर. अंगठ्याला सगळं कळतंय आता.”

“बरं. डोळे मिटा. मी हात लावते, कुठल्या बोटाला लावला ते सांगा.”

मास्तरांनी डोळे मिटले. पहिला नंबर ठरलेलाच असल्यासारखा चेहरा. मी वाट पाहिली.

“अगं, लाव ना हात,” ते वैतागून म्हणाले.

मला रडू आलं. एवढं भांडले या माणसाशी, पण असं रडू कधी आलं नव्हतं.

“उघडा डोळे.”

त्यांचा अंगठा माझ्या मुठीत होता, घट्ट दाबलेला. मास्तरांनी त्या मुठीकडे पाहिलं.

मग त्यांनी हळूच दुसरा पाय पुढे केला. “हाही बघ,” म्हणाले, “आणि ते बूट दे इकडे.”